ती मांडी तुही नव्हती, दादा

तुही तेरवी उरकली दादा, तरी लोकायचं बोलणं काही सरून नाही राह्यलं. जो येतो तो पाण्याचा गिलास खाली ठेवायच्या आधी एकच बोलतो, "भाऊ असावा तर असा, बाई." मी मान हालवते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून इतके दिवस तोंड दाबून बसली. पण आता बोलणार आहे, आणि तुलेच बोलणार आहे. वहिनीले बोलून उपयोग नाही, ती बिचारी आपल्याच दुःखात आहे. आणि बाकीच्यायले मी कायले सांगू?

बोलाले लावलं ते पुण्याच्या पुस्तकवाल्यायनं. तू मोबाइलवर भाग-भाग करून टाकलेली ती चित्रांची गोष्ट, 'मामाची मांडी', ते आता छापतो म्हणतात. तिकडून एका पोरीचा फोन आला, गोड बोलणारी होती. म्हणाली, "ताई, गोष्टीतली सुमी म्हणजे तुम्हीच ना? मग तुमच्या दादांबद्दल दोन शब्द तुम्हीच लिहा. बहिणीनं लिहिलेलं वाचकांना फार भिडेल." मी म्हटलं, हो, लिहिते. फोन ठेवला आणि मोरीत भांडे घासता घासता रडली. रागानं रडली, दादा. दुःखानं रडणं वेगळं, ते तुह्या मयतीच्या दिवशी झालं.

तुले चांगलं-चांगलं काढायची खोड पहिल्यापासूनची. फुलसावंगीत बाबांची चक्की, आणि चक्कीच्या भिंतीवर तुह्या हातचं पहिलं चित्र, कापसाचं बोंड. नारळाएवढं! मंग बियाण्यावाले तुले घेऊन फिरू लागले. महागावपासून आर्णीपर्यंत रस्त्याच्या कडंची एक भिंत तू सोडली नाही. शेतात बोंडअळी घुसली, लाल्या रोगानं उभी झाडं वाळली, लोक डोक्याले हात लावून बसले, आणि तुले त्याच वर्षी सर्वात जास्त काम. कारण एक बियाणं फसलं की दुसरं यायचं आणि जुन्या नावावर पांढरा हात मारून नवं नाव लिहायचं असे. मी सुट्टीत तुही शिडी धरून उभी राहायची. एकदा सायकलवरून उतरून एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "काय रे पेंटर, असं बोंड तू पाह्यलं तरी कुठं?" तू शिडीवरूनच म्हणाला, "काका, सडकं बोंड काढाले कोणी भिंत देईल काय?" म्हातारा हसला, तू हसला, मीही हसली. तेव्हा मले ते लय हुशारीचं बोलणं वाटलं होतं.

तो ग्रेडर आला त्या वर्षीची गोष्ट तू तुह्या पहिल्याच भागात काढली, म्हणून इथं लांबण लावत नाही. कापूस खरेदी केंद्रावर हंगामापुरता आलेला माणूस. बोंडातला कापूस चिमटीत धरून ताणायचा आणि धागा किती लांबीचा ते सांगायचा. मी एकोणीस वर्षांची, मले त्याच्या चिमटीचंच कौतुक. हंगाम संपला, केंद्र बंद झालं, तो गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मले दिवस गेले हे मी पहिल्यांदा सांगतलं ते तुले. आईले नाही, मैत्रिणीले नाही, तुले. चक्कीच्या मागं तू घासलेटात ब्रश धुत होता. तू ब्रश खाली ठेवला, माह्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भिऊ नको सवे. मी आहे ना."

हे तू काढलं. पूर्ण पानभर काढलं, घासलेटाच्या डब्यासकट. ते खरं आहे, म्हणून त्या पानावर मी अजूनही रडते.

पुढच्या पानावर मात्र तू बाबांच्या समोर उभा आहे. हात आडवा करून, मले पाठीमागं घेऊन. "तिले काढाल तर मीही जातो," असं तुह्या तोंडातून निघते आणि बाबा खाली बसतात. वा रे वा! बाबा ओट्यावरून ओरडले, "ही माही कोणी लागत नाही," तेव्हा आई तोंडात पदर कोंबून बसली होती आणि मी तुह्याकडं पाह्यलं होतं. तू रंगाच्या डब्याचं झाकण लावत होता. लागलेलंच होतं ते. तू तेच झाकण पुन्हा पुन्हा दाबत होता आणि वर पाहत नव्हता. ते मी तुले माफ केलं होतं बरं का. बाबांपुढं कोणाचीच टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून देताना तू माह्या हातात पत्ता दिला, "यवतमाळले उतरजो आणि लोहाऱ्याले जाजो, रशीदभाईचं गॅरेज विचारजो, मी त्यायचं शटर रंगवलं आहे, माणूस चांगला आहे." तो पत्ता नसता तर मी कुठं असती, काय माहीत. तेवढं पुण्य तुह्यं आहे, ते मी नाकारत नाही.

रशीदभाईनं मले पाहून एक प्रश्न विचारला नाही. भाभी पोटाकडं पाहून म्हणाली, "खाना खाई क्या?" गॅरेजच्या मागची खोली दिली. त्याच खोलीत जुई झाली, त्याच खोलीतून मी दाल मिलमध्ये कामाले जाऊ लागली, आणि मी मिलमध्ये असताना पोरगी भाभीच्या अंगाखांद्यावर वाढली. हे तुह्या गोष्टीत कुठंच नाही. तुह्या गोष्टीत सुमी एका दयाळू म्हातारीच्या घरी राहते, तिले ना नाव ना गाव. ठीक आहे, म्हटलं, गोष्ट आहे.

पण जावळाचा दिवस? तो तू कसा घेतला, दादा?

जुईचं वर्ष भरत आलतं. भाभीच म्हणाली, "तुम लोगों में बाल निकालते ना मामा की गोद में? कर डालो, बच्ची को खाज आती है." आपल्याकडं जावळ काढाचं तर पोर मामाच्या मांडीवरच बसते, हे मी तिले एकदा बोलता बोलता सांगतलं होतं. पोरीजवळ ना आत्या होती, ना आजी, पण मामा होता. मोठ्या तोऱ्यात मी तुले फोन केला. तू म्हणाला, "मामाशिवाय जावळ होते काय? सकाळच्या एसटीनं येतो. मी आहे ना."

सकाळची एसटी आली आणि गेली. मी जुईले न्हाऊ घालून, भाभीनं शिवलेला पांढरा फ्रॉक घालून बसली होती. न्हावी आलता, बिस्किटाच्या जुन्या डब्यात त्याचं सामान. केस जमिनीवर पडू नये म्हणून भाभी ताटात कणकेचा गोळा घेऊन बसली होती, ते एका बाजूनं ठेचलेलं ताट. दुसरी एसटी गेली. ऊन चढलं. पोरगी किरकिरी झाली. न्हावी म्हणाला, "बाई, मांडी कोणाची ते एकदा सांगा, मले पुढं दोन ठिकाणी जायचं आहे." मी रस्त्याकडं पाहत राह्यली. आजूबाजूचे चार लोक जमले होते, एकमेकांकडं पाहत होते. बिनबापाच्या पोरीले मामाही नाही, हे त्यायच्या तोंडावर लिहिलेलं मले दिसत होतं.

तेव्हा रशीदभाई पुढचं चाक काढलेल्या एका स्कूटरखालून बाहेर आले. घासलेटानं हात धुतले, मंग साबणानं धुतले, तरी काळे ते काळेच. आत जाऊन पँट बदलून धुतलेली लुंगी घालून आले आणि जमिनीवर अंथरलेल्या पोत्याच्या बोरीवर मांडी घालून बसले. न्हाव्याले म्हणाले, "मामू तो ये बैठा है. चलाओ." न्हाव्यानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "चालवा."

जुई रडली नाही. तिनं रशीदभाईची दाढी मुठीत पकडली आणि डोक्यावरून वस्तरा फिरेपर्यंत सोडली नाही. त्यायच्या डोळ्यात पाणी आलं, ओढून ओढून. भाभी हसत होती. फ्रॉकवर काळ्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो कितीही धुतला तरी गेला नाही. ह्या दिवसाबद्दल मी तुले कधी काही सांगतलं नाही. कारण तू काही हप्त्यांनी आला, नवा फ्रॉक घेऊन आला आणि मान खाली घालून म्हणाला, "मुलीकडचे घर पाहाले आलते सवे, बाबांनी निघू दिलं नाही." तुह्यं लग्न जुळत होतं. माह्यामुळं मोडू नये असं मलेही वाटत होतं. मी फक्त म्हटलं, "झालं जावळ," आणि तुह्यासाठी चहा ठेवला.

असंच चाललं आपलं. भाऊबीज आपली नेहमी दुसऱ्या दिवशी. खऱ्या दिवशी तू घरी, चांगल्या कपड्यात, आणि दुसऱ्या दिवशी रंग आणाच्या बहाण्यानं यवतमाळले. मी शिळं ओवाळते म्हणून तुले चिडवायची. तू म्हणायचा, "शिळी पोळी तव्यावर गरम केली की ताजीहून चांगली लागते." तुह्या बोलण्यात हरवून जायले होत असे, खरंच. तू आला की जुई मांजरीसारखी तुह्या पायात घुटमळायची. खोलीच्या भिंतीवर तू तिच्यासाठी बाराखडी रंगवली, 'क'च्या खाली कापूस. तेही नारळाएवढं बोंड! तू तिले ब्रश धरायले शिकवला, एका दमात रेघ कशी ओढाची ते शिकवलं. इतकं दिलं तू. म्हणून तर इतकं लागलं.

मंग फ्लेक्स आले आणि भिंती रंगवणं संपलं. तू यवतमाळले फ्लेक्सच्या दुकानात लागला, कॉम्प्युटर शिकला, नेत्यायच्या वाढदिवसाचे चेहरे गोरे करत बसला. कंटाळला की गॅरेजवर येऊन बसायचा. तिथंच ते पुस्तक सापडलं. रशीदभाई हात पुसायले रद्दी घ्यायचे, त्या गठ्ठ्यात निघालं, कोण्या शिकलेल्या घरची रद्दी असेल. जाडजूड, काळं-पांढरं, अक्षरं म्हणजे मुंग्यायची रांग. जपानी चित्रगोष्ट आहे, मांगा म्हणतात तिले, हे जुईनं पुढं मोबाइलवर पाहून सांगतलं. तू ते घेऊन खोलीत आला आणि म्हणाला, "सवे, काहीच्या काही आहे हे. पोट्टी पहिल्या पानावर म्हातारी, शेवटल्या पानावर तिले पोर होते." रशीदभाई दारातून हसले. "पेंटर, उल्टी पकडा है. इधर से खोल, सीधे हाथ से. हमारी उर्दू जैसी है ये." तुले चौकटीही उजवीकडून डावीकडं वाचाच्या हे त्यायनंच बोट फिरवून दाखवलं.

आणि मंग आपण तिघायनं गॅरेजच्या बाकावर बसून ते पाह्यलं. एक शब्द वाचता येत नव्हता, तरी सारं समजत होतं. एक तरुण पोरगी, कडेवर बाळ, नवरा नाही. तिचा भाऊ तिच्यासंग राहतो, भात जाळतो, बाळाले उलटी लंगोट बांधतो, दोघं भांडतात. मंधात एका पानावर तो भाऊ बॅग उचलून रात्री पळून जाते. स्टेशनावर बसलेला त्याचा चेहरा, तोंडावर शरम, आणि त्या पानावर एकही अक्षर नाही. मंग तो परत येते. तू त्या पानावर बोट ठेवून बसला होता. शेवटी पुस्तक मिटून म्हणाला, "सवे, ही तूच आहे. मी तुही गोष्ट काढतो."

मी म्हटलं, काढ. नाव बदल फक्त. आपलं भांडण झालं ते भलत्याच गोष्टीवरून. मराठी डावीकडून लिहितात आणि तू चित्रं उजवीकडून लावत होता. मी म्हटलं, "अरे, आपल्या लोकायले समजेन काय? सारे उलट्या बाजूनं उघडतीन." तू हट्टाले पेटला. "मांगा अशीच असते. एकदा चुकतीन, मंग शिकतीन."

लोक शिकले बी. तुह्या भागांची वाट पाहू लागले. कुठून कुठून एकट्या राहणाऱ्या आया लिहायच्या, की आमच्याबद्दल असं कोणी काढलं नव्हतं. माह्या भुवयांवर बसलेली डाळीची धूळसुद्धा तू काढली होती, दादा. मिलमधल्या बायकायनं मोबाइल हातोहात फिरवला, सुमी म्हणून मले हाका मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा मले वाटलं की माह्यं जे झालं ते लपवाचं नव्हतं. ते तू केलं. पण त्याच्यानंतर जावळाचा भाग आला.

त्या संध्याकाळी तू खोलीतच होता. मी पोळ्या लाटत होती. जुई तुह्या मोबाइलवर वाचत होती, मोठ्यानं, एकेक चौकट. एसटी चुकते, दादा सायकल काढते, उन्हातानात सायकल मारत येते, न्हावी वस्तरा ठेवून उठणार इतक्यात दादा धापा टाकत पोचते, "थांबा! मामा आला," म्हणते आणि सुमीच्या पोरीले मांडीवर घेते. फ्रॉक पांढराशुभ्र. गॅरेज नाही, स्कूटर नाही, तिथं तू चिंचेचं झाड काढलं. रशीदभाई नाही. कुठंच नाही. जुईनं डोळे पुसले आणि विचारलं, "मामा, मी अशी तुह्या मांडीवर होती?"

तू तिच्याकडं नाही पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. आणि म्हणाला, "हो तं. अजून कोणाच्या मांडीवर असशील?"

दादा, पोळी जळली तरी मले कळलं नाही. पलीकडं, एका भिंतीआड, रशीदभाई पान्यानं काहीतरी ठोकत होते, त्याचा आवाज येत होता. जुई तुह्या गळ्यात पडली. पोरीचं तोंड इतकं उजळलं होतं की त्याच्यावर पाणी ओताचं धाडस मले झालं नाही. ते धाडस होणार नाही, हे तुले ठाऊक होतं, म्हणून तर तू माह्याकडं पाह्यलं.

मी तुले दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानावर येऊन गाठलं. तू म्हणाला, "गोष्ट आहे ती, सवे. गोष्टीत थोडं इकडंतिकडं चालते."

"माह्यं इकडंतिकडं कर. रशीदभाईची मांडी तू कायले घेतली? आणि मोबाइलवर नाही, पोरीच्या तोंडावर खोटं बोलला. ते गोष्टीत होतं काय?"

"लोकायले भाऊ पाहिजे असते. मेकॅनिक कोणाले पाहिजे?"

"मले पाहिजे होता ना! त्या दिवशी मले दुसरं कोणी नव्हतं."

मंग मी माह्या मोबाइलवरचं ते पान तुह्यापुढं धरलं. रात्रभर मी ते एक पान पाहत बसली होती, कारण त्याच्यात मले काहीतरी खुपत होतं. ठेचलेलं ताट होतं. कणकेचा गोळा होता. बिस्किटाचा डबा होता. म्हटलं, असेल, कोणी सांगतलं असेल. पण पोरीची मूठ, दादा! तुह्या चित्रातल्या पोरीची मूठ त्या दादाच्या हनुवटीखाली आवळलेली आहे, हवेत, आणि मुठीत काहीच नाही. तुले दाढी कधी नव्हती. गोष्टीतल्या दादालेही नाही. मंग ती मूठ तिथं कायची?

मी विचारलं, "हे तुले कोणी सांगतलं?"

दुकानातलं फ्लेक्स छापाचं मशीन घरघरत होतं. तू हळूच म्हणाला, "मी आलतो, सवे."

"कुठं आलता?"

"त्या दिवशी. उशिरा आलतो. वळणावर उभा होतो, पिंपळाच्या मागं. मांडी भरली होती. मंग गेलो परत."

म्हणजे मुलीकडचे आले नव्हते. बाबांनी अडवलं नव्हतं. तू इतक्या जवळ येऊन, डोळ्यांनी सारं पाहून, ठेचलेलं ताट पाहून, पोरीची मूठ पाहून, पाठ फिरवून गेला. आणि मी त्याच रस्त्याकडं पाहत होती. तू आला नाही, हे मी इतकी वर्षं सांभाळून घेतलं. आला आणि गेला, हे मी कसं सांभाळू? मी म्हटलं, "मंग शेजारी येऊन बसाचं होतं ना. चालत यायचं होतं."

"लाज वाटली."

"कोणाची? माही? तुही? का रशीदभाईच्या मांडीची?"

तू मशीनकडं पाहत राह्यला. डब्याच्या झाकणाकडं पाहत होता तसाच. मंग म्हणाला, "काढतो मी. नवा भाग काढतो, जसं झालं तसं काढतो. रविवारी घरी येतो आणि जुईले मीच सांगतो."

मी जाता जाता काय म्हटलं ते आठवते? "त्या जपान्यानं भावाले पळताना काढलं, दादा. तुह्यानं तेवढं नाही झालं." तेच माह्यं तुह्याशी शेवटचं बोलणं. रविवारी तू तापानं फणफणला होता, मंग रक्तातलं काय ते कमी झालं, मंग वहिनीचा फोन आला. मी दवाखान्यात पोचली तेव्हा तू ओळखत नव्हता. मले वाटते, अर्धवट बरा झाला असता तरी मी तुले उत्तर मागितलं असतं. इतका राग होता. आहे. तू तीन गोष्टींपैकी कोणती लाज ते न सांगता गेला, आणि आता मी रोज मिलमध्ये डाळ पाखडता पाखडता तिन्ही उत्तरं तुह्या तोंडात घालून पाहते. एकही बरं लागत नाही.

तुह्या मयतीले रशीदभाई फुलसावंगीले आलते. मागं उभे होते. कोणीतरी मले कानात विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "जुईचे मामा." ती बाई म्हणाली, "अवं, मामा तर तो गेला ना." मी म्हटलं, "हेही मामा." तिले वाटलं दुःखानं माह्यं डोकं फिरलं.

परत येताना मी रशीदभाईले विचारलं, तुम्ही ते पाह्यलं होतं काय, चिंचेच्या झाडाचं? ते म्हणाले, "जुई ने दिखाया था. अच्छा बनाया. झाड भी अच्छा है." मी म्हटलं, तुम्हाले काहीच नाही वाटलं? ते रस्त्याकडं पाहत म्हणाले, "बच्ची खुश थी, बहन. रहने दे अब." मले त्यायचाही राग आला. साऱ्यायनंच 'राहू दे' म्हटलं तर खरं राहाचं कुठं?

म्हणून तेरवी झाल्यावर मी जुईले घेऊन गॅरेजच्या बाकावर बसली आणि सांगतलं. जपून ठेवलेला फ्रॉक काढून दाखवला, त्याच्यावरचा तो काळा अंगठा. पोरीनं तो ठसा बोटानं चाचपून पाह्यला. मंग उठली आणि रशीदभाईपुढं जाऊन उभी राह्यली. "मामू, तुम्ही मले काहून नाही सांगतलं?" ते म्हणाले, "बेटा, तूने पूछा ही नहीं." ती हसली आणि मंग रडली. मामावर रागावली की नाही, ते अजून सांगत नाही. तुह्या पेना मात्र तिनं वहिनीकडून मागून आणल्या.

आता पुण्याचं. मी त्या पोरीले फोन केला. म्हटलं, गोष्टीतलं एकही पान बदलू नका, त्याचं आहे, तसंच छापा. पण पुस्तक तर उलट्या बाजूनं सुरू होते, मंग आपला मराठी माणूस सवयीनं जिकडून उघडंल तिकडं काय छापणार? ती म्हणाली, "तिथं सूचना टाकणार आहोत ताई, 'थांबा, हे शेवटचं पान आहे, पुस्तक दुसऱ्या बाजूनं उघडा.'" मी म्हटलं, ती जागा मले द्या. मी जे लिहीन ते तिथं टाका. ज्याची चूक होईल त्याले पहिले हे वाचू द्या, मंग खुशाल पुस्तक फिरवून दादाकडं जाऊ द्या. ती म्हणाली, "सगळं लिहिणार?" मी म्हटलं, सगळं. ती 'विचारून सांगते' म्हणाली, आणि संध्याकाळी तिचा होकार आला.

ह्या लिहिण्यासंग एक चित्र जाणार आहे. जुई काढून राह्यली, माह्यापुढंच, पाटावर कागद ठेवून. पुढचं चाक नसलेली स्कूटर झाली, ठेचलेलं ताट झालं, लुंगी झाली, दाढी झाली, दाढीत मूठ बसली. फ्रॉकवर तिनं स्वतःचाच अंगठा शाईत बुडवून टेकवला. मंग पेन थांबवून तिनं मले विचारलं, "आई, मामाले कुठं काढू?"

मी म्हटलं, "जिथं होता तिथं. वळणावर, पिंपळाच्या मागं."

तिनं काढलं. लहानसा, शर्टाची बाही रंगानं भरलेली, एक पाय पुढं, एक पाय मागं. तोंड नाही काढलं, म्हणाली, ते मले माहीत नाही. बोरीवर रशीदभाईच्या बाजूले थोडी जागा मोकळी राह्यली होती. ती तिथं पोतं की डबा काढाले लागली, तर मी तिचा हात धरला. म्हटलं, ते राहू दे तसंच. तेवढी जागा होती तिथं, बाई. त्या दिवशी बी होती.